कान वाघाचे, टोपरं लेकराचं

बारशाच्या दिवशी आत्याच्या पिशवीत काय काय असतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. झबलं, टोपरं, कुंची, दुपटं, आणि जमलं तर पायातला वाळा. टोपरं म्हणजे पुण्याकडचं टोपडं. हल्ली या टोपऱ्याला दोन कान फुटले आहेत. वाटोळे, टोकदार, लांब, खाली लोंबणारे. क्रोशाच्या सुईनं विणलेले. पाळण्याभोवती जमलेल्या बायांमधून एखादी म्हातारी ते टोपरं हातात घेते, उलटंसुलटं करून पाहते आणि विचारते, "कोन्या जनावराचे कान हायेत वं माय हे?"

कानवाल्या टोपऱ्याची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे. कान असे हवेत की विचारावंच लागू नये. नाक, डोळे, मिशा काही नसताना, नुसत्या दोन कानांवरून ससा ससा वाटला पाहिजे आणि वाघ वाघ. हे साधतं ते टाके मोजण्यानं आणि जनावराकडे नीट पाहण्यानं. मोजायला शिकलं की कोणताही कान विणता येतो. पाहायला शिकलं की तो कान परदेशी नमुन्यातला राहत नाही, मेळघाटातला, काटेपूर्णेतला, आपल्या गोठ्यातला होतो. या लेखात या दोन्ही गोष्टी पाहू.

सुई एक, जिवंत टाका एक

विणकामाचे आपल्याकडे दोन मुख्य प्रकार. दोन सुयांवरचं विणकाम, ज्यात स्वेटर होतात. आणि क्रोशा, ज्यात एकच आकड्याची सुई असते. दोन सुयांवर एका वेळी पन्नास-साठ टाके उघडे असतात. सुई निसटली की ओळच्या ओळ उसवते. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो, बाकीचे सगळे बंद झालेले असतात. त्यामुळे विणणारीला कोणत्याही दिशेला वळता येतं, मध्येच थांबता येतं, गोल फिरता येतं, पृष्ठभागावरून नवा फाटा काढता येतो. कान, शेपटी, शिंग अशा उठावाच्या वस्तूंसाठी म्हणूनच क्रोशा सोयीचा.

ही कला आपल्याकडे फार जुनी नाही. आज आपण ओळखतो तो क्रोशा युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळला. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसनं दोन घास दिले. भारतात मिशनऱ्यांनी तो आणला, आणि आंध्रातल्या नरसापूर भागात त्याचा मोठा घरगुती उद्योग उभा राहिला. मराठी घरात तो शिरला तो रुखवताच्या वाटेनं. तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं, टेबलावरची जाळी हे सगळं लग्नाआधी विणून ठेवायचं. लग्नानंतर तीच सुई बाळंतविड्याकडे वळली. रुखवत मागे पडलं, बाळंतविडा मात्र टिकला.

आपल्या बायकांनी टाक्यांना आपली नावं दिली आणि ती फार नेमकी आहेत. सुरुवातीची ती साखळी. तिच्यावर उभा राहतो तो खांब. सुईला आधी वेढा न देता घातलेला बुटका, घट्ट टाका तो मुका खांब. टोपऱ्याचे कान बहुतेक वेळा मुक्या खांबांचे करतात, कारण त्यांची वीण दाट होते, कान ताठ उभा राहतो आणि आतलं काही दिसत नाही.

आधी डोकं मोजा

कानाआधी टोपरं, आणि टोपऱ्याआधी डोकं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत जन्मतः बाळाच्या डोक्याचा सरासरी घेर मुलग्यांत ३४.५ सेंटिमीटर आणि मुलींत ३३.९ सेंटिमीटर आहे. तीन महिन्यांत तो सुमारे ४० वर जातो, सहा महिन्यांत ४२ ते ४३ आणि वर्षाअखेर ४५ ते ४६. पहिल्या तीन महिन्यांत सहा सेंटिमीटर आणि पुढच्या नऊ महिन्यांतही तेवढंच. म्हणून बारशासाठी अगदी मापाचं विणलेलं टोपरं महिन्याभरात अपुरं पडतं. जाणत्या बाया तीन महिन्यांचं माप धरतात ते याच कारणानं.

टोपरं डोक्याच्या घेरापेक्षा थोडं लहान विणायचं असतं, कारण विणलेलं कापड ताणतं. ४० सेंटिमीटरच्या डोक्याला ३६ ते ३८ सेंटिमीटरचं टोपरं बरोबर बसतं. विणायला सुरुवात माथ्यावरून होते. मधोमध एक कडं, त्याभोवती फेऱ्या आणि एक सपाट चकती. चकती कुठवर वाढवायची? घेराला ३.१४ नं भागायचं. ३७ सेंटिमीटरच्या टोपऱ्याला ही चकती सुमारे १२ सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं थांबवायचं आणि सरळ फेऱ्या घालत खाली उतरायचं. माथ्याच्या मधोमधपासून काठापर्यंत १४-१५ सेंटिमीटर झाले की कान झाकले जातात.

सहाचा हिशेब

चकती सपाट कशी राहते? क्रोशा शिकवणारी प्रत्येक बाई सांगते की मुक्या खांबाच्या गोलात दर फेरीला सहा टाके वाढवायचे. पहिल्या फेरीत ६, दुसऱ्या फेरीत १२, मग १८, मग २४. सहाच का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एक फेरी घातली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढते. त्रिज्या एकनं वाढली की परीघ दोन गुणिले ३.१४ म्हणजे ६.२८ नं वाढतो. म्हणून दर फेरीला सहा टाके जास्त लागतात. साध्या खांबाची उंची मुक्या खांबाच्या दुपटीच्या आसपास असते, म्हणून तिथे दर फेरीला बारा वाढवतात. शाळेतल्या भूमितीतला हा नियम घरोघरच्या बाया वाढ मोजताना रोज वापरतात.

सहा आणि ६.२८ यांतला तो थोडासा फरकही कामाचा आहे. वाढ किंचित कमी पडल्यानं चकती अगदी थोडी खोलगट होते, आणि बाळाचा माथा तरी कुठे सपाट असतो?

आता वाढ बदलून पाहा. सहापेक्षा कमी टाके वाढवले तर चकतीची वाटी होते, आणखी कमी केले तर शंकू. वाढवणंच बंद केलं तर नळी. सहापेक्षा जास्त वाढवले तर काठाला जागा पुरत नाही आणि झालरीसारख्या लाटा येतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी याच गोष्टीचा उपयोग केला. ज्या वक्र पृष्ठभागाची भूमिती विद्यार्थ्यांना कागदावर समजत नव्हती, तो पृष्ठभाग त्यांनी क्रोशानं जास्तीचे टाके वाढवत विणला आणि त्यांच्या हातात दिला. गणिताच्या वर्गात पोचलेली ती झालर आपल्या कुंचीच्या काठालाही आहे.

कानांचं मर्म इथेच आहे. कान गोल फेऱ्यांत विणायचा आणि मग तळहातानं दाबून चपटा करायचा, म्हणजे तो दुहेरी, भक्कम होतो. अशा चपट्या कानाचं टोक किती अंशांचं होईल, हे आधीच सांगता येतं. सहा वाढींना पूर्ण वर्तुळ, म्हणजे ३६० अंश. तर एका वाढीला ६० अंश, आणि चपटा केल्यावर त्याच्या निम्मे, म्हणजे ३० अंश. हिशेब असा:

दर फेरीला २ वाढी केल्या तर टोक ६० अंशांचं. हा टोकदार कान, मांजराचा, खोकडाचा.

दर फेरीला ३ वाढी केल्या तर टोक ९० अंशांचं. हा रुंद, बसका कान.

दर फेरीला ६ वाढी केल्या तर १८० अंश. टोकच उरत नाही. चकती दुमडून अर्धगोल होतो. हा अस्वलाचा कान.

सुरुवातीला ६ वाढी आणि मग वाढवणं बंद केलं तर टोक वाटोळं आणि बाजू सरळ. हा वाघाचा कान.

थोडं वाढवून मग बराच वेळ तेवढेच टाके ठेवले तर लांब नळी होते. हा सशाचा कान.

कानाची एवढी बाराखडी हाताशी आली की छापील नमुना शोधत बसायची गरज उरत नाही. समोरचं जनावर पाहायचं, त्याच्या कानाचं टोक किती अंशांचं आहे ते डोळ्यानं जोखायचं आणि सुई चालवायची.

वऱ्हाडचे कान

मग कोणतं जनावर पाहायचं? बाजारात येणारे बहुतेक नमुने परदेशातले आहेत. तपकिरी अस्वल, लाल कोल्हा, पांढरा ससा, पांडा. ती सगळी गोड आहेत. पण अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत कानांची जी श्रीमंती आहे, ती त्यांत नाही.

पहिला मान वाघाला. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट होतं. वाघाचे कान त्याच्या डोक्याच्या मानानं लहान आणि वाटोळे असतात. पण त्यांची खरी ओळख मागून पटते. कानाची मागची बाजू काळी असते आणि तिच्या मधोमध पांढरा ठिपका असतो. आईमागून चालणाऱ्या पिल्लांना हे ठिपके दिसत राहतात, असं त्यांचं एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात. नुसत्या नारिंगी कानाला वाघाचा कान म्हणता येणार नाही. पुढची बाजू पांढुरकी, मागची काळी आणि तिच्यावर पांढरी टिकली असे दोन पदर वेगवेगळे विणून काठानं जोडायचे. लेकरू आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपतं, तेव्हा आजीसमोर बसलेल्यांना त्याचा चेहरा दिसत नाही, टोपऱ्याची मागची बाजूच दिसते. त्या वेळी हे दोन पांढरे ठिपके साऱ्या घराकडे बघत असतात.

मेळघाटातलं अस्वलही नमुन्यांतल्या अस्वलाहून निराळं आहे. ते काळं असतं, छातीवर पांढुरकी खूण असते आणि कानांवर लांब झिपऱ्या असतात. गुळगुळीत अर्धगोल कान त्याला शोभत नाही. विणताना प्रत्येक टाक्याला बोटाभोवती धाग्याचा सैल फास ठेवत गेलं की मागच्या बाजूला फासांची लव उठते. अर्धगोल कानाला अशी लव दिली की आपलं झिपरं अस्वल तयार. लेकरू अगदी लहान असेल तर मात्र हे फास आखूड ठेवावेत. कारण पुढे येईलच.

खोकड हे आपल्या माळरानाचं जनावर. कोल्ह्याहून लहान, राखाडी-तपकिरी अंगाचं, शेपटीचं टोक काळं. परदेशी नमुन्यातल्या लाल कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. खोकडाचे कान त्याच्या तोंडाच्या मानानं मोठे आणि टोकदार. दोन वाढींचा ६० अंशांचा शंकू त्याला अगदी बसतो. रंग मात्र लाल नको, धुळीचा हवा.

ससा म्हटलं की पांढरा रंग आणि गुलाबी डोळे आठवतात, पण तो पाळीव. तुरीच्या, हरभऱ्याच्या शेतातून उड्या मारत पळणारा आपला ससा मातकट असतो. उष्ण प्रदेशातल्या जनावरांचे कान आणि पाय थंड प्रदेशातल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा लांब असतात, असा नियम जोएल अॅलन या प्राणिशास्त्रज्ञानं १८७७ मध्ये मांडला. लांब, पातळ कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकता येते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात सशाला असे कान का लागतात, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गोठ्यातली जनावरंही विसरता येणार नाहीत. विदर्भातली बेरारी शेळी ही नोंद झालेली जात. हिचे कान पानासारखे आणि लोंबते. ते फेऱ्यांत विणत नाहीत. दहा-बारा साखळ्या घालायच्या, एका बाजूनं खांब घालत टोकाला जायचं, टोकावर तीन खांब घालून वळायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. मधोमध शीर असलेलं पान तयार होतं. ते देठाकडून टोपऱ्याला शिवलं की आपोआप खाली पडतं.

म्हशीत इथली नागपुरी जात, जिला अचलपूरच्या जुन्या नावावरून एलिचपुरी असंही म्हणतात. तिची शिंगं लांब, चपटी, तलवारीसारखी मागे वळलेली. इथे कानांपेक्षा शिंगं महत्त्वाची. शिंग वाकवायचं तर एका बाजूला टाके वाढवायचे आणि समोरच्या बाजूला तेवढेच घटवायचे. टाक्यांची एकूण संख्या तीच राहते, पण नळी वळते.

बैलाचं टोपरं विणायला पोळ्यासारखा मुहूर्त नाही. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरांचा तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. ज्या लेकराला अजून चालता येत नाही, त्याच्या डोक्यावर पांढरं टोपरं, बाजूला आडवे कान, वर दोन आखूड शिंगं आणि कपाळावर बाशिंगाची रंगीत पट्टी. आईच्या कडेवर बसून तेही पोळ्यात सामील होतं.

अकोलेकरांसाठी काटेपूर्णा अभयारण्यातला चौशिंगा आहे. हे हरणासारखं जनावर जगात फक्त भारतात आणि नेपाळमध्ये सापडतं, आणि त्याच्या नराला चार शिंगं असतात. मागची दोन जरा मोठी, पुढची दोन अगदी बोंडांएवढी. दोन मोठे कान आणि चार शिंगं असलेलं टोपरं दुसरीकडे कुठे विकत मिळणार?

हत्तीचा कान हा झालरीचा धडा. सहापेक्षा दोन-तीन वाढी जास्त केल्या की काठ लाटा घेतो आणि कान हलल्यासारखा वाटतो. गणपतीला आपण शूर्पकर्ण म्हणतो, सुपासारख्या कानांचा. विणताना सूपच डोळ्यांपुढे ठेवावं. एका बाजूनं सरळ आणि बांधलेलं, दुसऱ्या बाजूनं पसरलेलं.

शेवटचं उदाहरण कान नसलेलं. घुबडाच्या टोपऱ्याला वर दोन शेंड्या लावण्याची पद्धत आहे. काही मोठ्या घुबडांच्या डोक्यावर तशी पिसं असतात, पण ते कान नव्हेत. घुबडाचे खरे कान चेहऱ्याच्या बाजूला पिसांखाली लपलेले असतात. मेळघाटातला रानपिंगळा तर शेंड्यांशिवायचाच. शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांना न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर मानलं जातं. त्याच्या टोपऱ्याला कान लावायचे नाहीत. माथा वाटोळा ठेवायचा आणि दोन पिवळे डोळे द्यायचे.

कान कुठे बसतो

उत्तम विणलेला कान चुकीच्या जागी शिवला की सगळं बिघडतं. टोपऱ्याचा माथा घड्याळाची तबकडी समजा, कपाळाकडचा भाग सहा वाजल्याचा. वरून पाहिलं तर कान तीन आणि नऊच्या रेषेवर येतात. माथ्यापासून किती खाली हे जनावरावर अवलंबून आहे. सशाचे कान माथ्याजवळ, एकमेकांच्या शेजारी. वाघ-अस्वलाचे चकती संपून टोपरं खाली वळतं त्या कडेवर. शेळीचे आणि बैलाचे त्याहून दोन-तीन फेऱ्या खाली. दोन कानांमधलं अंतर कमी केलं की जनावर सावध दिसतं, वाढवलं की शांत.

आकारही तोलून घ्यावा. समोरून १२ सेंटिमीटर रुंद दिसणाऱ्या टोपऱ्याला ४ सेंटिमीटर रुंदीचा कान पुरेसा होतो. लहान लेकराचं मोठं डोकं, मोठे डोळे, फुगरे गाल आपल्याला भावतात, हे कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडलं. जनावरांची पिल्लंही याच लक्षणांमुळे गोड वाटतात. दोन गोंडस गोष्टी टोपऱ्यात एकत्र येतात, म्हणून ते पाहताच हसू फुटतं. कान फार मोठे केले की लेकराचा चेहरा हरवतो.

शिवायचा धागा कान विणतानाच हातभर लांब सोडून ठेवावा. आधी टाचण्यांनी कान लावायचा, टोपरं हातभर लांब धरून पाहायचं आणि मगच शिवायचं. कानाचा तळ सरळ रेषेत न शिवता किंचित कमानीत शिवला की कानाला पोकळी येते आणि तो ऐकत असल्यासारखा दिसतो. पुढून एकदा आणि मागून एकदा अशी दुहेरी शिलाई घालायची.

धागा आपल्या मातीचा

आपल्याकडे विणकामाच्या धाग्याला सरसकट लोकर म्हणतात, पण दुकानात मिळणारी बरीचशी लोकर मेंढीची नसते, ती अॅक्रिलिकची असते. ती हलकी, रंगीत, लवचीक आणि स्वस्त असते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा ती चालते. चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीच्या गावात तर हवीच. पण अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. घाम न शोषणारा धागा तेव्हा लेकराच्या डोक्याला तापदायक होतो, आणि अशा वेळी सुतालाच हाक मारावी लागते.

सूत म्हटलं की वऱ्हाडचा सगळा इतिहास समोर येतो. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार घेतला, त्यामागे इथल्या कापसाचं मोल होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारानं वऱ्हाडाकडे डोळे लावले. अमरावतीच्या जुन्या उमरावती या नावावरून इथला कापूस तिथे 'ऊमरा' म्हणून विकला जाई. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वे अकोला, बडनेरा मार्गे पूर्ण झाली आणि गाठींना वाट मिळाली. पुढे १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याला या मातीतल्याच डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे, आणि कापसाच्या वाणांवर तिथे सतत काम झालं आहे.

क्रोशाचा गुळगुळीत, चमकदार सुती धागा बनतो तो लांब तंतूच्या कापसापासून. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया देऊन पाहिली. त्यानं तंतू फुगतो, मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. पुढे तंतू ताणून धरून हीच प्रक्रिया करू लागले, तेव्हा त्याला चमक आली. सुताचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा. ते लोकरीसारखं परत आकसत नाही. म्हणून सुती टोपऱ्याचा काठ एक नंबर बारीक सुईनं विणावा, आणि पहिल्या धुण्यात ते थोडं आटेल हे धरून चालावं. कानांसाठी सूत तर उत्तमच. ते ताठ राहतं, कान मान टाकत नाही. आत भरायला कापूस घालू नये, धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात. दुहेरी वीण पुरते.

टोपरं कोणासाठी

लेकराला स्वतःचं टोपरं दिसत नाही. जन्मल्या बाळाला वीतभर अंतरावरचंच काय ते स्पष्ट दिसतं. कान असतात ते आपल्या हौसेसाठी. म्हणून ही हौस लेकराला काचणार नाही, हे पाहणं विणणारीचं पहिलं कर्तव्य आहे.

बाळाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी जवळजवळ एक पंचमांश भाग एकट्या डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो एक दशांशाहूनही कमी. म्हणूनच अशक्त, कमी वजनाच्या बाळांना टोपरं हे औषधासारखं असतं. आईच्या उघड्या छातीशी बाळाला तासन्‌तास धरून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिच्यात बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपरं एवढंच असतं. आपल्या विदर्भातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं हा त्यातला एक धडा होता, आणि या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अशा बाळांसाठी विणायचं तर टोपरं साधं, मऊ, बिनकानांचं असावं. त्याला आईच्या छातीवर गाल टेकता आला पाहिजे.

हाच मोठा पृष्ठभाग उन्हाळ्यात उलटतो. डोकं झाकलं की अंगातली उष्णता बाहेर पडायची मोठी वाट बंद होते. म्हणून निरोगी बाळाला घरात झोपवताना टोपरं काढून ठेवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते घसरून नाकातोंडावर येण्याचाही धोका असतो. कानवालं टोपरं जागेपणी, कोणाच्या तरी नजरेसमोर घालायचं.

बाकीचे नियमही याच काळजीतून आलेले आहेत. डोळ्यांना मणी, गुंड्या लावू नयेत, धाग्यानं भरावेत. साधारण सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी सुटी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या सुरक्षेचं एक मोजमाप आहे. चार-पाच महिन्यांचं लेकरू हाती येईल ते तोंडात घालतं, आणि कान तर त्याला ओढायलाच दिल्यासारखे असतात. शिवून झाल्यावर कान मुठीत धरून जोरानं ओढून पाहावा. निघाला तर आपल्या हातात निघालेला बरा. हनुवटीखाली लांब बंद नकोत, ते गळ्याभोवती गुंडाळले जातात. आतून सुटे धागे लोंबत ठेवू नयेत. अस्वलाच्या लवेचे फास आखूड ठेवायचे तेही यासाठीच, की बारीक बोट त्यात अडकून आवळलं जाऊ नये. आणि नवं टोपरं घालण्याआधी एकदा धुवावं, जास्तीचा रंग निघून जातो.

कुर्र

बारशाला पाळणा हलतो, बाया गाणं म्हणतात, आणि आत्या पुढे होते. नाव सांगण्याआधी तिला एक गोष्ट करावी लागते. टोपऱ्याची कड बोटानं वर सारून लेकराचा कान मोकळा करावा लागतो. वर वाघाचे, सशाचे, चौशिंग्याचे कान ताठ उभे असतात. त्यांच्याखाली बोराएवढा, गुलाबी, अजून न टोचलेला खरा कान असतो. आत्या वाकते, त्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते.

विणताना एवढं ध्यानात असावं. काठ बारीक सुईनं विणला तरी त्याची शेवटची फेरी थोडी सैल ठेवावी, म्हणजे कड सहज वर सरकेल. साऱ्या टोपऱ्यात हिशेबाबाहेरची फेरी हीच एक, आणि ती आत्याच्या बोटासाठी सोडायची.